सड्यावरची सायकल

5 ऑक्टोबर 2025, रविवार. सातारा

पस्तीस हजार. वर एक रुपया नाही. हेल्मेट, पंप आणि कुलूप यांचा हिशेब वेगळा. सकाळच्या चहाला एवढं ठरलं. ह्यांचं म्हणणं, एवढ्या पैशांत बऱ्यापैकी जुनी स्कूटी येते. येत असेल. मला चाळकेवाडीच्या सड्यावर फिरायचंय. पवनचक्क्यांचे मनोरे उभे करताना तिथं जे कच्चे रस्ते झाले ते अजून आहेत. एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जातात, मधेच कड्यापाशी संपतात, आणि गाडीतून ठोसेघर बघून परतणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. चालत गेलं तर ते अंतर दिवसात उरकत नाही. मोटारसायकलवर चंडोल ऐकू येत नाहीत.

जमीन कशी आहे ते आधी लिहून ठेवते, कारण दुकानात शिरलं की रंगाकडेच लक्ष जातं. वर जांभा, पावसाने खाल्लेला, भोकाभोकांचा. त्यावर मुरूम, सुटे खडे, मधूनमधून उघडा कातळ. दिवाळीपर्यंत खळग्यांत पाणी, नंतर धूळ. चढ लांबलचक आणि उताराला वळणं. उड्या वगैरे मारायचं माझं वय नाही आणि हौसही नाही. एवढ्याला हार्डटेल पुरते: पुढच्या फोर्कला सस्पेन्शन, मागचा भाग ताठ. दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेली धड सायकल लाखाच्या आसपास सुरू होते. त्याखाली जी ‘डबल शॉकर’ मिळते तिच्या मागच्या सांध्यात जे काही घातलेलं असतं ते वर्षभरात खुळखुळायला लागतं, आणि दोन-अडीच किलो वजन फुकट वाहायचं ते वेगळंच. तो विषय इथंच बंद.

7 ऑक्टोबर, मंगळवार

पेपर तपासून झाल्यावर गणित करत बसले. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय असतं? ‘21 गिअर’. पुढे तीन चकत्या, मागे सात, गुणाकार एकवीस. दाते मोजले तर वेगळंच दिसतं. या सायकलींना पुढे बहुधा 42, 34 आणि 24 दात्यांच्या चकत्या, मागे 14 ते 28. आता 24 भागिले 14 म्हणजे 1.71. 34 भागिले 20 म्हणजे 1.70. 42 भागिले 24 म्हणजे 1.75. तीन वेगळे ‘गिअर’, पायाला लागणारा जोर जवळजवळ तोच. अशा जोड्या-तिघाड्या आणखी निघतात. एकवीसमधले खरे वेगळे गिअर दहा-बाराच भरतात.

आणि घाटात कामाला येतो तो सगळ्यात हलका गिअर. इथं तो 24 भागिले 28, म्हणजे 0.86. शेजारी दुसरी सायकल ठेवली, पुढे 32 ची एकच चकती आणि मागे नऊ, 11 ते 42. तिचा हलका गिअर 0.76. म्हणजे नऊ गिअरवाली यवतेश्वरच्या घाटात एकवीसवालीपेक्षा सोपी जाईल. 27.5 इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण 2.2 मीटर. पायडलच्या एका फेरीला पहिली 1.9 मीटर पुढे जाते, दुसरी 1.7. वीस सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं सपाटीवर बसून वाटतं. काही एकवीसवाल्यांना मागे 34 ची एक थोरली चकती असते, त्यांना हा दोष लावता येणार नाही. तेव्हा दुकानात गिअर किती हे विचारायचं नाही. वाकून दाते मोजायचे.

22 सप्टेंबरपासून सायकलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय. जुन्या करासकट जी 35 हजारांची होती ती 32,800 च्या आसपास यायला हवी. लेबल जुनं असेल तर विचारायचं.

11 ऑक्टोबर, शनिवार

कॉलेज सुटल्यावर एका दुकानात गेले.

‘मुलीसाठी बघताय का मॅडम?’

‘माझ्यासाठी.’

तो आत गेला आणि जांभळ्या रंगाची, पुढे बास्केट लावलेली, दांडी खाली वाकवलेली सायकल घेऊन आला. डोंगरात चालवायची आहे म्हटल्यावर एकदम दुसऱ्या टोकाला गेला: केशरी रंग, मनगटाएवढ्या जाड नळ्या, दोन्हीकडे स्प्रिंगा, दोन्ही चाकांना डिस्क. चौदा हजार. ‘पोरं हीच नेतात.’ मी पुढचा ब्रेक घट्ट धरला आणि हँडल मागे-पुढे हलवलं. फोर्कमधून टक्, टक्. नवी कोरी सायकल, अजून टायरवरचे रबरी केससुद्धा झिजलेले नाहीत, आणि नळीत नळी डुगडुगतेय. डिस्क ब्रेकची ऐट होती, पण आत साधी तार. कॅलिपरची एकच बाजू सरकते आणि चकतीला दुसऱ्या बाजूवर वाकवून दाबते. तारेचा डिस्क ब्रेक वाईटच असतो असं नाही. नीट लावला तर थांबवतो. पण चाळकेवाडीची लाल धूळ तारेच्या वेटोळ्यात गेली की बोटांना दुप्पट जोर लावावा लागणार, आणि माझे हात लहान आहेत.

मडगार्ड, स्टँड, घंटी आणि बाटली फुकट देतो म्हणाला. सातारकर कुणालाही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

12 ऑक्टोबर, रविवार

शनिवार पेठेतल्या मिस्त्रीकाकांकडे तासभर बसले. वडिलांच्या काळ्या सायकलीचं ओव्हरहॉलिंग इथंच व्हायचं. छर्रे रॉकेलच्या ताटलीत, काका मांडी घालून. आता ताटली तीच आहे, पण भिंतीवर ॲलन कीचा संच टांगलाय आणि गिअरच्या सायकली रांगेत उभ्या.

पस्तीस हजारांत काय बघू म्हटल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. फळीखालून डबा काढला आणि त्यातला एक तुटलेला आस माझ्या हातावर ठेवला. मागच्या चाकाचा. तुटलेलं तोंड राखाडी, दाणेदार. कडेचा चंद्रकोरीएवढा भाग मात्र गुळगुळीत आणि काळपट. ‘इथनं आधी तडा गेला, मग बरेच दिवस चालला, मग एकदम गेला,’ काका म्हणाले. असे पाच-सहा होते डब्यात. सगळे उजव्या बाजूलाच तुटलेले.

कारण त्यांनी दोन चाकं शेजारी धरून दाखवलं. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबवर आट्यांनी घट्ट बसवतात. उजवीकडचे छर्रे त्यामुळे आत, हबच्या तोंडाशी राहतात, आणि त्याच्या बाहेर सात चकत्यांच्या रुंदीएवढा आस आधाराशिवाय लोंबतो. खड्ड्यात मागचं चाक आपटलं की वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये फिरणारा भाग हबचाच असतो आणि उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला जातं. आसाला दोन्ही टोकांशी आधार मिळतो. मागे सस्पेन्शन नाही, सगळा मार मागच्या चाकालाच, म्हणजे हार्डटेलला तर हे आधी बघायला पाहिजे.

‘ओळखायचं कसं काका?’

‘चाक काढायला सांगा. चकत्या उलट्या फिरवा. मधल्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील.’ मागे सात असतील तर बहुतेक फ्रीव्हील. पण नऊ आहेत म्हणून निर्धास्त राहू नका ताई, हल्ली नऊचंही फ्रीव्हील येतं, असंही म्हणाले.

किमतीच्या लेबलवर हे कुठंच छापत नाहीत. गिअर किती ते छापतात.

18 ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी. पुणे

ताईकडे दिवाळीला आलेय. भाचा बरोबर होता, ऐंशीच्या वर वजन, सहा फूट. त्याला बघून दुकानदार त्याच्याशीच बोलतात. ‘मावशीला हवीय,’ हे त्याला प्रत्येक दुकानात सांगावं लागलं.

मोठ्या ब्रँडच्या दुकानांत माल बरा आहे. तीस हजारांच्या पुढे गेलं की हायड्रॉलिक ब्रेक येतात आणि एका बोटाने चाक जागच्या जागी थांबतं. आजच्या दिवसाची ही सगळ्यात आवडलेली गोष्ट. ब्रेकच्या मुठीजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. लहान हाताला केवढी सोय, आणि दाखवत कुणीच नाही.

मापावरून एका ठिकाणी हुज्जत झाली. माझी उंची पाच फूट दोन. S माप नव्हतं. ‘M घेऊन जा, सीट खाली करून देतो.’ सीट खाली येईल, पण वरची दांडी खाली येत नाही आणि हँडल जवळ येत नाही. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले तर दांडी टेकलेलीच. खडकावर अचानक पाय टेकायची वेळ आली तर काय होईल ते दुकानदाराला कसं समजावणार! चार बोटांची फट तरी हवी. आणखी एक: लहान मापाच्या चौकटीत 29 ची चाकं कोंबली की वळताना पायाचा चवडा पुढच्या टायरला लागतो. मला 27.5 पुरेत. गोट्यांवरून मोठं चाक सहज जातं हे खरं, पण चौकट अंगाला बसल्यावरचं हे बोलणं.

संध्याकाळी एका दुकानात भाच्याने गंमत केली. मिठाईच्या खोक्याचा दोरा सोडला आणि फोर्कच्या चकचकीत नळीला, खालच्या रबरी सीलला टेकवून बांधला. फोर्क दाबला की सील दोऱ्याला वर ढकलतं. सोडल्यावर दोरा तिथंच राहतो. फोर्कवर 100 मिमी छापलेलं. दुकानामागच्या गल्लीत मी फूटपाथवरून उतरवली, गतिरोधकांवरून जोरात नेली. दोरा तीन बोटं सरकला, म्हणजे निम्म्याच्याही आत. मग भाचा बसला, त्याच गल्लीत, आणि दोरा जवळजवळ वरपर्यंत गेला.

या किमतीतल्या फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते, आणि ती कुणा सरासरी माणसाच्या वजनाला धरून बनवलेली. मी चोपन्न किलोची. वरची गुंडी फिरवून स्प्रिंगचा ताण थोडा कमी होतो, तिचा स्वभाव बदलत नाही. माझ्यासाठी तो फोर्क म्हणजे अडीच किलोचा ताठ दांडा. हवेचा फोर्क असेल तर आपल्या वजनापुरती हवा भरता येते, पण तो नव्या सायकलीत पस्तीस हजारांच्या आत दिसला नाही. दुकानदार मुलगा चांगला होता. तो स्वतःच म्हणाला, ‘काकू, तुमच्या वजनाला हा उपयोगाचा नाही. सेकंडहँड बघा. करोनात घेतलेल्या कितीतरी पार्किंगमध्ये पडून आहेत.’

गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार टिकतो का, कोण जाणे. टिकावा.

21 ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

भाच्याने आज सांगितलं आणि मी पडताळून पाहिलं. 1976 साली याच तारखेला कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी डोंगराच्या कच्च्या वाटेवरून सायकलींची पहिली शर्यत लावली. अंतर दोन मैलांच्या आतबाहेर, उतार 1300 फुटांचा. सायकली तीस-चाळीस वर्षं जुन्या, फुग्या टायरांच्या, एका गिअरच्या. ब्रेक एकच, मागच्या हबमधला, पायडल उलटं मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि पुन्हा ग्रीस भरून द्यावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’ पडलं. पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 मध्ये मुद्दाम अशा वाटेसाठी चौकट बनवली, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 1979 मध्ये दुकान थाटलं, आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर बाजारात आली. सस्पेन्शनचे फोर्क रॉकशॉक्सने आणले ते 1989 नंतर.

म्हणजे डझनभर वर्षं लोक ताठ फोर्कवरच डोंगर उतरत होते, आणि त्यांची पहिली रड ब्रेकची होती. माझी यादी त्यामुळे उलटी झाली. आधी ब्रेक, मग मागचा हब, मग चौकटीचं माप, मग टायर. फोर्क सगळ्यात शेवटी, आणि चांगला नसेल तर नसलेला बरा.

22 ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

ओवाळल्यावर ह्यांनी ताटात पाकीट टाकलं. ‘पस्तीस आहेत. आज मुहूर्त आहे, आज घे.’ मुहूर्ताला S माप मिळत नाही म्हटलं. स्कूटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

26 ऑक्टोबर, रविवार. पुणे

कोथरूडच्या एका सोसायटीतली सायकल बघितली. 2021 ची, S माप, 27.5 ची चाकं, हायड्रॉलिक ब्रेक, पुढे 36 आणि 22, मागे नऊ चकत्यांची कॅसेट, 11 ते 34. आणि हवेचा फोर्क. मालकीणबाई तिशीच्या. लॉकडाऊननंतर हौसेनं घेतली, मग बाळ झालं, आणि सायकल तळघरात. वर धुळीचा थर, सीटवर कबुतरांचा प्रसाद.

मोबाइलचा दिवा लावून खाली बसले. भाचा मुकाट्याने सायकल धरून उभा. पायडलच्या नळीखालचा क्रमांक बिलाशी जुळवला. मग हँडलखाली जिथं खालची दांडी मानेला जोडली जाते तो सांधा, सगळ्या बाजूंनी. ॲल्युमिनियमची चौकट गेली तर आधी इथं जाते, आणि रंगात केसासारखी रेघ दिसते. रेघ नव्हती. मान खाली रुंद आहे, वर अरुंद, म्हणजे पुढेमागे दुसरा फोर्क घालायचा झाला तर अडचण नाही. मागच्या गिअरची यंत्रणा ज्या कानावर लटकते तो कान वेगळा, दोन स्क्रूंचा. पडझडीत तो वाकतो आणि तेवढाच बदलता येतो. चौकटीतच ओतलेला असता तर मी तिथूनच उठले असते.

साखळी पट्टीने मोजली. बारा इंचांत चोवीस दुवे, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत अगदी बारा भरायला हवेत. बारा आणि वर इंचाचा सोळावा भाग भरले. झिजलीय, पण कॅसेट खाण्याइतकी नाही. साखळी बदलली की भागेल. चकत्या उलट्या फिरवल्या, खाचाही फिरल्या. मिस्त्रीकाकांची आठवण झाली.

फोर्कच्या नळ्यांवर ओरखडे नाहीत, तेलाचे ओघळ नाहीत. हवा मात्र पूर्ण गेलेली. भाच्याने फोर्कचा पंप आणला होता, भरून तासभर ठेवली, उतरली नाही. तेवढ्यात चहा झाला आणि बाळाने माझी पट्टी चघळली.

वाईट बाजू: टायरच्या भिंतींना बारीक भेगा. पुढचा ब्रेक धरला की किंचाळतो, पॅडवर काहीतरी तेलकट बसलंय. आणि मागचा हब 135 मिमीचा, झटपट सुटणाऱ्या पातळ आसाचा. नव्या सायकलींत आता जाड, आरपार आस येतो. या जुन्या मापाचं चाक आणखी दहा वर्षं तरी मिळत राहील, त्यामुळे मला काळजी नाही. पण भावात हे बोलायला हरकत नव्हती.

32 सांगितले. मी 25 म्हटलं. भाचा लाजून जिन्यात गेला. साडेसत्तावीसला ठरलं. पुढचं चाक काढलं की मागची सीट पाडलेल्या गाडीत सायकल आडवी बसते, हे आज कळलं.

2 नोव्हेंबर, रविवार. सातारा

मिस्त्रीकाकांनी दोन दिवस घेतले. पुढचा हब, मान, पायडलची नळी, सगळीकडचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. नवी साखळी, पॅड, टायर, ट्यूब आणि मजुरी मिळून सहा हजार आणि काहीशे. पाकिटात अजून शिल्लक आहे.

एकाच जागी काकांचा हात धरावा लागला. ब्रेकचं तेल थोडं कमी होतं आणि ते मोटारसायकलचं ब्रेक ऑइल ओतायला निघाले होते. या ब्रेकना खनिज तेलच लागतं, मोटारसायकलवाल्या तेलाने आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक बाद होतो. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं. काकांनी चष्मा वर करून वाचलं. ‘बरं झालं बघितलं. पुण्यासनं मागवतो.’ आणि खरंच मागवलं, म्हणून एक दिवस वाढला.

व्हॉल्व्हचा एक घोळ आहे. रिमला भोक बारीक, त्यामुळे ट्यूबचा व्हॉल्व्ह सडपातळ, वर छोटी फिरकी असलेला. पंक्चरवाल्याच्या नळीचं तोंड त्यावर बसत नाही. काकांनी पितळेची टोपी दिली, ती लावली की बसतं. दीडदमडीची वस्तू, पण ठोसेघरला ती जवळ नसेल तर सायकल खांद्यावर घ्यायची. किल्लीच्या जुडग्यात अडकवली.

हवेवरूनही वाद. काका अंगठा दाबून दगडासारखा टायर करतात. रस्त्यावर ते ठीक. मुरमावर तसा टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि पकड सुटते. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीचं मागचं सस्पेन्शन म्हणजे टायरमधली हवाच. सव्वादोन इंची टायर, माझं वजन, पुढे 24 आणि मागे 27 पीएसआय. ‘एवढ्या कमी हवेवर रिम बसेल ताई.’ त्यांच्या वजनाला बसेलही.

नवे पॅड बोगद्याच्या चढावरून उतरताना मुरवून घेतले. थोडा वेग घ्यायचा, चालण्याइतपत हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा वेग. पुढचा वीसेक वेळा, मग मागचा. सुरुवातीला ब्रेक लागतच नाहीत असं वाटतं, मग हळूहळू चावायला लागतात. टपरीवरचे लोक बघत होते, बाईंचा तोल जातोय की काय.

9 नोव्हेंबर, रविवार

ठोसेघरपर्यंत गाडीने, तिथून पुढे सायकल. ह्यांनी गाडी धबधब्यापाशी लावली आणि पेपर वाचत बसले.

चढाला 22 च्या चकतीवर आले. 22 भागिले 34 म्हणजे 0.65, माझ्या कागदावरच्या दोन्ही सायकलींपेक्षा हलका. पुढे दोन चकत्या म्हणजे एक खटका जास्त, एक तार जास्त, बिघडायला एक जागा जास्त, हे सगळं कबूल. पण गुडघे काहीच बोलले नाहीत. वेग इतका कमी होता की रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीत खालचा काळा बेसॉल्ट, मधली पांढरट-पिवळी माती आणि वरची जांभ्याची टोपी हे थर वाचत जाता आले. मुलांना फळ्यावर काढून दाखवते ते हेच.

सड्यावर गवत पिवळं पडलंय. पवनचक्क्यांचा आवाज जवळून चांगलाच मोठा येतो, घूं करून एक पातं खाली येतं, मग दुसरं. कच्च्या रस्त्यावर वळले आणि पहिल्या शंभर पावलांत मागच्या चाकाने जांभ्यावरून दणकन सीट मारली. हार्डटेलवर बसून राहायचं नसतं. पायडल आडवे करून त्यांवर उभं राहायचं, गुडघे सैल, कंबर किंचित मागे, म्हणजे सायकल खाली नाचते आणि आपण वर राहतो. हे जमलं की वेग वाढवावासा वाटतो. उतारावर एका वळणात सुटे खडे होते, त्यावर पुढचा ब्रेक एका बोटाने अलगद, मागचा जरा जास्त. चाक घसरलं नाही. तारेचे ब्रेक असते तर याच वळणाआधी मी उतरून चालत गेले असते.

फोर्कला रबरी कडं आहे. नुसती बसून पाहिलं तर पंचवीस मिमी खाली, हवं तेवढंच. परत आल्यावर बघितलं तर ऐंशीच्या खुणेपाशी. शंभरातले ऐंशी, माझ्या वजनाला.

बाभळीचा एक काटा मागच्या टायरात रुतला होता, ट्यूबपर्यंत पोचला नव्हता. पुढच्या पगाराला ट्यूब काढून टाकून आत सीलंट घालावं का, याचा विचार चालू आहे. रिम त्या जातीच्या आहेत. ट्यूबलेसचं टायर आणि टेप धरून किती होतील ते विचारायला हवं.

12 नोव्हेंबर, बुधवार

तास संपल्यावर बारावीतला एक मुलगा स्टँडपर्यंत मागोमाग आला. सायकल कितीला, विचारलं. सांगितलं. त्याच्याकडे अठरा हजार आहेत, सुट्टीत मेडिकलच्या दुकानात काम करून जमवलेले.

‘अठरात पुढे स्प्रिंग नसलेली घे. ताठ फोर्क, जाड टायर. उरलेल्या पैशांत हब आणि ब्रेक बरे येतील.’

‘मॅडम, पुढं शॉकर पाहिजेच. पोरं हसतील.’

‘मग जुनी बघ.’

‘कराडला एक आहे. सतरा म्हणतोय. 27 गिअर.’

‘मागच्या चकत्या उलट्या फिरवून बघ, आणि मानेच्या सांध्यावर दिवा मार.’ वहीच्या मागच्या पानावर फ्रीव्हील आणि कॅसेटची आकृती काढून दिली, छर्रे कुठं असतात ते बाणाने दाखवलं. त्याने विचारलं, रविवारी माझ्याबरोबर कराडला याल का. चाचणीचे पेपर रविवारच्या आत संपवले तर येईन म्हटलंय. पट्टी त्याने आणायची.